पवनचक्कीच्या चोवीस ओळी

बाकाच्या डाव्या बाजूचे कायमचे रहिवासी, परममित्र श्री. दौतोपंत यांस उजव्या बाजूच्याचा साष्टांग नमस्कार. (त्यातली दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या वाकायला तयार नाहीत. तेव्हा उरलेल्या सहांचा नमस्कार पुरा धरून घ्यावा.)

तुझी तब्येत कशी आहे? डाव्या कानानं ऐकू येईनासं झाल्याचं तुझ्या मागच्या पत्रात वाचलं आणि वाईट वाटलं. पण मग लक्षात आलं की वर्गात मी तुझ्या उजव्या हाताला बसत असे, म्हणजे माझ्या वाट्याचा कान अजून शाबूत आहे, आणि जरा बरंही वाटलं. वहिनींची कंबर कशी आहे? त्यांना नमस्कार. त्यांना तू अजून सांगितलेलं नसशील की तुला दौत का म्हणतात. नकोच सांगूस. चौथीतल्या त्या बाकावर तू सबंध दौत उपडी केलीस, त्याचा निळा डाग आपल्या दोघांच्या मधोमध वर्षभर पसरलेला होता आणि मी त्याला तळं म्हणत असे, हे त्यांना कळून उपयोग काय? तुझ्या कोपराला ते तळं जून महिन्यापर्यंत पुरलं होतं.

तर मूळ मुद्दा. (तू म्हणशील, हा कधी येतो मूळ मुद्द्यावर! येतो आहे.) मागच्या महिन्यात मी घर बदलण्याची वेळ आली होती, ती कशी आली आणि कशी गेली, हे तुला कळवायचं आहे. एके दिवशी सकाळी मी बादली लावून न्हाणीघरातला नळ सोडला आणि बादली भरेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो. माझ्या खिडकीसमोर एक गोदाम आहे. त्याच्या छपरावर पत्र्याचं एक गोल झाकण वाऱ्यानं फिरत असतं; आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून ते तिथे बसवलं आहे, असं गोदामाचा पहारेकरी सांगतो. त्याचं बरोबर असेल. मला मात्र ते फिरायला लागलं की आपली 'पवनचक्की' आठवते.

टेकाडावर उभी एकटी पवनचक्की म्हातारी,
चार हात ते पसरून मोजी वाऱ्याची वर्दळ सारी.

काय ओळी आहेत! पुस्तकात कवीचं नाव छापायचंच राहून गेलं होतं आणि गुरुजी म्हणाले होते, वाऱ्यानं नेलं असेल. असं बोलणारे गुरुजी आता कुठे मिळणार? हे सगळं आठवून होईपर्यंत बादली भरली, वाहिली, न्हाणीघर भरलं, आणि पाणी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि तिथेच दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याच्या छतातून ठिबकायला लागलं. खुर्चीत एक गृहस्थ आ करून पडले होते. थेंब बरोबर त्यांच्या तोंडात. त्यांना ते उपचारातलंच वाटलं, त्यामुळे त्यांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार केली दंतवैद्यानं, आणि ती माझ्याकडे न करता थेट माझ्या लेकीला फोन करून केली.

लेक संध्याकाळी आली ती मोबाइलमध्ये यादी घेऊनच. माझा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला ती तारीख. मी एक काळी आणि एक तपकिरी चप्पल घालून बँकेत गेलो ती तारीख. तिला तिच्या आत्याच्या नावानं हाक मारली ती तारीख, वेळेसकट. (छत्तीस वर्षं मी वाचनालयात सूचीची कार्डं लावली, पण इतकी नेटकी नोंद माझ्याही हातून झालेली नाही. मुलगी बापावर गेली आहे.) यादी वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे रोज वाढतंय. आता बास. माझ्याकडे चला." तिच्या घरी माझ्यासाठी खोली तयार आहे. अकरावा मजला, नवा पलंग, भिंतीला रंग. खिडकीसुद्धा आहे, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. भिंत चांगली आहे. पण भिंत फिरत नाही, दौत.

मी म्हटलं, विसरतो हे मान्य, पण वाढतंय हे अमान्य. मी पहिल्यापासून इतकाच विसरतो. तुझी आई हयात असती तर साक्ष दिली असती. यावर लेकीआधी बोलली ती तिच्याबरोबर आलेली नात. ती संख्याशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे, आणि भांडण पाहिलं की तिला त्यात दोन रकाने दिसतात. ती म्हणाली, "तू म्हणतेस वाढतंय, आजोबा म्हणतात नाही. मग मोजा ना!"

तिनं सांगितलं ते असं. तीस दिवस रोज सकाळी मी एक ठरावीक पाठ कविता म्हणायची आणि किती ओळी विसरलो ते लिहायचं. एका रकान्यात दिवसाचा आकडा, दुसऱ्यात विसरलेल्या ओळी. मग इंटरनेटवर सहसंबंध काढून देणारे फुकटचे कॅल्क्युलेटर असतात, त्यात दोन्ही रकाने भरायचे आणि बटण दाबायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या मधे कुठेतरी येतं. एकाच्या जवळ आलं तर दिवस वाढतात तसं विसरणं वाढतंय. शून्याच्या जवळ आलं तर या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, नळ आपला, छत दंतवैद्याचं. उणे एकाच्या जवळ आलं तर मी दिवसेंदिवस हुशार होतो आहे, पण ती शक्यता कोणीच फारशी मनावर घेतली नाही. लेक म्हणाली, "ठीक आहे. एक आला तर तुम्ही येणार. कुरकुर न करता." मी म्हटलं, आणि शून्य आलं तर तू ही यादी पुसणार. दोघांनी कागदावर सह्या केल्या. माझी सही मला आठवली, याची नातीनं वेगळी नोंद घेतली.

कविता अर्थातच 'पवनचक्की'. सहा कडवी, प्रत्येकी चार ओळी, एकूण चोवीस. साक्षीदार कोण, हा प्रश्न आला. लेकीचा माझ्यावर भरवसा नव्हता, माझा दंतवैद्यावर नव्हता. शेवटी खिडकीखाली ज्याची टपरी आहे त्या इस्त्रीवाल्याला नेमलं. हा माणूस साठीचा आहे, कमी बोलतो, आणि लोकांचे कपडे मोजून घेतो नि मोजून देतो. रोज सात वाजता मी खिडकीत उभा राहून कविता म्हणायची, त्यानं खाली कोळसे पेटवता पेटवता प्रत्येक ओळीला खडूची एक रेघ मारायची, शेवटी रेघा मोजून आकडा आदल्या दिवशीच्या कपड्यांच्या चिठ्ठीमागे लिहून वर पाठवायचा. चोवीसातून तो वजा केला की उरल्या त्या विसरलेल्या ओळी. इतकी साधी पद्धत. तू असतास तर म्हणाला असतास, गणिताच्या तासालाही आपण इतकं चोख काही केलं नाही.

दिवस चांगले गेले. (खरं सांगायचं तर इतके चांगले दिवस बऱ्याच वर्षांत गेले नव्हते. सकाळी सात वाजता कोणीतरी आपली वाट पाहत असलं की माणसाला दाढी करावीशी वाटते.) कधी चार ओळी गेल्या, कधी एक, कधी सहा, एकदा सात. एकदा तिसरं कडवं पाचव्याच्या जागी आलं, ते इस्त्रीवाल्यानं धरलं, कारण ओळी भरत होत्या. दवाखान्यातले रुग्ण दाराशी येऊन ऐकायला लागले. दंतवैद्य म्हणाला, भूल द्यायच्या आधी त्यांना थोडं सुन्न करतं हे. तेविसाव्या दिवशी एक घोटाळा झाला. चिठ्ठीवर आकडा आला सव्वीस. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, अहो, कविताच चोवीस ओळींची आहे, सव्वीस कशा होतील? तो म्हणाला, "साहेब, मी मोजल्यात." मी विचारलं, मग त्या जास्तीच्या दोन कोणत्या होत्या? तर म्हणे, "शब्द कोण ऐकतंय? मी मोजत होतो ना!" चूक सगळ्यांचीच होते. मी त्या दिवसापुढे शून्य मांडलं आणि विषय संपवला.

तीस दिवस झाले. तिसाव्या दिवशी दुपारी मी नातीनं देऊन ठेवलेला संगणक उघडला. कॅल्क्युलेटरचं पान उघडलं, तर त्यावर दोन चौकटी, एक क्ष ची आणि एक य ची. क्ष! शाळेत याच क्षनं आपला जीव खाल्ला होता आणि गुरुजी म्हणत, तो कोण आहे ते शोधा. आणि आता म्हातारपणी तो स्वतःच चौकट घेऊन दाराशी उभा. क्ष मध्ये दिवस भरले, एक ते तीस, कसे सैनिकांसारखे उभे राहिले. य मध्ये ओळी भरायला लागलो, तर चार, एक, सहा, शून्य, तीन, सात, एक. अरे, काय हे! छत्तीस वर्षं जो कार्डांचा एकही खण विस्कटलेला ठेवून घरी गेला नाही, त्याला हे बघवेल का? मी सवयीनं ते वहीत लावून घेतले. आधी शून्यं, मग एक, मग दोन, असं करत शेवटी सात. आता दोन्ही रकाने सारखे नीटनेटके दिसायला लागले. मी समाधानानं बटण दाबलं.

०.९७.

खाली हिरव्या अक्षरांत लिहून आलं, अतिशय दृढ धन सहसंबंध. आणि शेजारी एक आलेख. त्यात तीस ठिपके, शाळेची सहल टेकडी चढावी तसे एकामागून एक वर चाललेले. मागे वळून कोणी बघत नव्हतं. मी एका वैद्यानं सांगितल्यावर दुसऱ्याकडे जातात तसा दुसऱ्या वेबसाइटवर गेलो. तिथेही ०.९७, पण सोबत बुटांची जाहिरात. तिसरीकडे ०.९७ च्या पुढे आणखी चार आकडे, म्हणजे तिनं मला अधिक बारकाईनं तपासलं होतं. मग विरंगुळा म्हणून मी इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठ्यांवरून रोज किती सदरे आले ते मांडून पाहिलं (अर्थात नीट लावून), तर ०.९८. दंतवैद्याच्या दाराशी उभे राहणारे रुग्ण, ०.९६. म्हणजे दिवस जातात तसं सगळंच वाढतं; सदरे वाढतात, किडके दात वाढतात, मी विसरतो. यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं की लेक म्हणत होती ते खरंच होतं, फक्त मला ते दशांश चिन्हासकट कळायला हवं होतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, एक आला. म्हणजे सत्त्याण्णव शतांश आला, पण तीन शतांशांसाठी काय भांडायचं! ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?" जिंकलेली माणसं असं विचारत नाहीत, दौत. मला वाटतं, तिला शून्य हवं होतं.

शनिवारी दोघी खोकी घेऊन आल्या. लेक पुस्तकं भरत होती, एकेक पुसून. मी खिडकीशी उभा होतो. गोदामावरचं झाकण नेमकं त्या दिवशी जोरात फिरत होतं. खाली इस्त्रीवाल्यानं विचारलं, "आज सात वाजता आवाज नाही आला?" मी म्हटलं, तीस दिवस संपले. तो म्हणाला, "मला वाटलं महिना संपला की दुसरा लागतो." एवढ्यात नातीला माझी वही सापडली. ती उभ्याउभ्याच वाचायला लागली आणि मग खोक्यावर बसली.

"आजोबा, पहिल्या दिवशी शून्य, दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य, चौथ्या दिवशी एक. हे असं कसं?"

"लावून घेतलेत."

"लावून म्हणजे?"

"क्रमानं. विस्कटलेले होते."

तिनं वही डोळ्यांवर धरली. मला वाटलं रडते आहे, पण हसत होती. मग तिनं मला समजावलं. आणि दौत, तुला हे आवडेल. ती म्हणाली, आजोबा, दिवस आणि त्या दिवशीच्या ओळी, ही बाकावर बसलेली जोडी आहे. डावीकडे दिवस, उजवीकडे त्याचा आकडा. तुम्ही काय केलंत, उजवीकडच्या सगळ्यांना उठवलंत, उंचीप्रमाणे रांग केलीत, आणि पुन्हा बसवलंत. मग बुटक्यांशेजारी बुटके आणि उंचांशेजारी उंच येणारच! कोणालाही असं बसवलं तरी ०.९७ च्या आसपासच येईल. मला एकदम सहामाहीनंतरचा तो दिवस आठवला, नव्या गुरुजींनी सगळ्यांना उंचीप्रमाणे बसवलं होतं तो. तू मागे गेलास आणि माझ्या शेजारी तो सारखा शिंकणारा शिंकरा आला. पाच दिवस, तू परत येईपर्यंत, तो डाग माझ्या आणि शिंकऱ्याच्या मधे होता. वर्ग किती नीटनेटका दिसत होता, आणि त्यात कोणाचाच कोणाशी काही संबंध नव्हता.

इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठ्या मी टाकल्या नव्हत्या (मी चिठ्ठी कधीच टाकत नाही). नातीनं त्या तारखेप्रमाणे मांडल्या, वजाबाक्या पुन्हा केल्या, तेविसाव्या दिवसाचं माझं शून्य आहे तसं ठेवलं, ज्याचा आकडा त्याच्या शेजारी बसवला, आणि बटण दाबलं. उत्तर आलं उणे शून्य दशांश शून्य सहा. आलेखातले ठिपके मधल्या सुट्टीत मैदानात पांगलेल्या मुलांसारखे, कोण कुठे, कशाचा कशाला पत्ता नाही. मला आयुष्यात इतका विस्कटलेला कागद कधी आवडला नव्हता.

लेकीनं विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही," नात म्हणाली. "विसरतात. पण या तीस दिवसांत वाढताना काही दिसत नाही."

लेकीनं मोबाइल काढला, ती यादी पुसली, आणि भरलेली पुस्तकं खोक्यातून काढून पुन्हा कपाटात लावायला लागली. उलटसुलट लावत होती, पण मी काही बोललो नाही. जाताना मात्र न्हाणीघराच्या नळावर तिनं लाल चिठ्ठी चिकटवली आणि दाराशी म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत मोजायचं. आणि चिठ्ठ्यांना तुम्ही हात लावायचा नाही." हे मला मान्य आहे. इस्त्रीवाल्यालाही मान्य आहे. त्यानं कोळशाशेजारी नवा खडू आणून ठेवला आहे.

तर असं सगळं आहे. दंतवैद्याचं छत अजून ओलं आहे, त्याला नुसत्या आकड्यांनी वाळवता येत नाही. तुझ्या उजव्या कानाला जप. वहिनींना पुन्हा नमस्कार (आधी एकदा लिहिला आहे, हे माझ्या लक्षात आहे).

तुझा,
तळ्याच्या पलीकडचा

ता. क. हे सगळं तुला कळवण्याइतकं महत्त्वाचं नव्हतं, हे तू ओळखलं असशीलच. खरं काम वेगळं आहे. तो तेविसावा दिवस. इस्त्रीवाला सदरे मोजण्यात चुकत नाही, हे चिठ्ठ्या लावताना माझ्या लक्षात आलं. मग तो ओळी मोजण्यात तरी का चुकेल? आपलं चौथीचं पुस्तक तुझ्याकडे आहे. पवनचक्कीचं चित्र गिरवायला म्हणून तू ते नेलंस आणि परत केलं नाहीस. (मी इतकी वर्षं याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आताही काढलं नसतं.) ते उघडून एवढंच बघ, की कविता सहा कडव्यांची आहे की सात. तोंडपाठ सांगू नकोस, बघून सांग. मी नातीला सहज म्हणून विचारलं की समजा, प्रत्येक दिवसाच्या आकड्यात चार-चार वाढवले तर उत्तर किती बदलेल? ती म्हणाली, काहीच नाही बदलणार, आजोबा, सगळ्यांत सारखीच भर पडली तर त्याला दिसतच नाही. म्हणजे रोज काय जातंय ते या कॅल्क्युलेटरला कळतं. मोजायला लागायच्या आधीच जे सबंध गेलं, ते कळत नाही.

ता. क. दुसरा. सात असली तर लेकीला कळवू नकोस. आकडाही लिहू नकोस. फक्त ते सातवं कडवं एका वेगळ्या कागदावर उतरवून पाठव. मी ते महिना लागायच्या आत पाठ करीन.

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकायला म्हणून इस्त्रीवाल्याकडे दिलं, तर तो म्हणतो, हेच पत्र मी गेल्या मंगळवारीही त्याच्याकडे दिलं होतं. मी म्हटलं, ते दुसरं कुठलं तरी असेल. तो म्हणाला, "साहेब, मी मोजलंय." तेव्हा तुझ्याकडे दोन आली असली तर घाबरू नकोस, नात सांगते की दोनच नोंदींवरून हे कॅल्क्युलेटर काहीही सिद्ध करून देतं, त्यामुळे तो पुरावा धरत नाहीत. त्यांतलं एक तुझ्याकडे ठेव. ज्यात सातव्या कडव्याबद्दल विचारायचं राहून गेलं असेल, ते तेवढं परत पाठव.